फोटोवाल्या मामांचा हात

गल्लीच्या तोंडाशी फोटोचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे मामाच म्हणायचे. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की मामा म्हणायचे, "हनुवटी वर. आता सासूबाई गावाला गेल्यात असं समजा." विनोद सव्वीस वर्षांचा जुना, तरी लोक हसायचे. हसणं भागच होतं म्हणा. दरसाल प्रत्येकाला आपला फोटो कचेरीत द्यावा लागे. तिथे भिंगं लावून बसलेली माणसं चेहऱ्यावरून मनातलं ठरवायची. तोंडाने काही बोलायची गरजच नव्हती. कपाळावर राग दिसला, डोळ्यांत नको ते दुःख दिसलं, की माणसाची रवानगी टेकडीवरच्या इमारतीत. वर्षभराने परत यायचा, पण आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसायचा. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

मामांची धाकटी बहीण तशी परत आली, तेव्हापासून मामांनी एक उद्योग सुरू केला. निगेटिव्ह वाळली की मागच्या खोलीत काचेवर ठेवायची आणि आठ्यांवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके द्यायचे; छापताना आठी गायब. ओठांच्या कोपऱ्याशी ब्लेडचं टोक हलकेच फिरवलं की पडलेलं तोंड जरासं वर यायचं. मामींना हे ठाऊक होतं. त्या चकार शब्द काढत नसत.

नऊ वर्षं गेली. मग एका दुपारी कचेरीतले साहेब आले आणि स्वतःच त्या स्टुलावर बसले.

"मामा, तुमच्या वॉर्डात साडेचार हजार माणसं. नऊ वर्षांत एकही चेहरा वाईट निघाला नाही."

"लोक सुखी आहेत, साहेब."

"शेजारच्या वॉर्डात दरसाल चाळीसेक निघतात. तिथलं पाणी वेगळं आहे का?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. "बोभाटा मलाही नकोय. नऊ वर्षं हे माझ्याच नाकाखाली चाललं ना. तुम्ही फक्त महिन्याला तीन फोटो हात न लावता पाठवा. कुणाचे, ते तुम्हीच ठरवा. चेहरे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात."

"आणि नाही जमलं तर?"

"तर साडेचार हजार फोटो पुन्हा काढू. दुसऱ्या माणसाकडून."

त्या महिन्यात मामांनी एक स्वतःचा फोटो घातला, एक मामींचा. तिसरा कुणाचा, यावर दोघं दोन दिवस घुटमळली. शेवटी मामीच म्हणाल्या, "अहो, नळवाल्याची आई परवा गेली. तिला आता कोण नेणार?" पंधरा दिवसांनी तिन्ही फोटो पाकिटातून परत आले. सोबत चिठ्ठी होती: 'या खेपेला हसलो. पुढच्या खेपेला सहा.'

मामांनी महिन्याचे पावणेचारशे चेहरे टेबलावर पसरले. कोण एकटं आहे, कोण म्हातारं आहे, कुणाला लहान पोरं आहेत. बघता बघता हात नळवाल्याच्या फोटोवर थांबला. मागे एकदा तो गळक्या तोटीवरून त्यांना चार लोकांत वाटेल ते बोलला होता. आपला हात का थांबला हे कळल्यावर मामा मोरीत गेले आणि साबणाने हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई फोटोला आल्या. अर्ध्या वॉर्डाला त्यांनी बाराखडी शिकवली होती, मामांनाही. मामा मुकाट्याने दिवे लावत होते.

"काय रे, आज बोलत का नाहीस?"

मामांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा जाऊ दे."

"बाई, त्यासाठी नव्हतं सांगितलं मी."

"ते कळतंय मला. पण मी चिडलेली आहे रे, कधीपासूनची. नऊ वर्षं तू मला गोड बाई करून पाठवतोयस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरसा आहे की माझ्या घरी." त्या स्टुलावर नीट बसल्या. "एकदा तरी माझा चेहरा माझा म्हणून जाऊ दे. काढ."

मामांनी काढला. बाईंना आठवड्याच्या आत नेलं. जाताना घराची किल्ली त्यांनी मामींकडे दिली, झाडांना पाणी घालायला सांगितलं.

उरलेले पाच मामांनीच निवडले. कसे, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सहा. नळवाला त्यात कधीच नव्हता. तो समोर आला की मामा त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलत. लोकांना काय कळलं, कोण जाणे. दुकानात येताना कुणी फळं आणू लागलं, कुणी मामांच्या तब्येतीची चौकशी करू लागलं. मामा फळं घेत आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवत.

चार वर्षं झाली, बाई आलेल्या नाहीत. मामी अजून झाडांना पाणी घालतात.

दुकान बंद करू द्या, असा अर्ज मामांनी तीनदा केला. अर्जाला स्वतःचा फोटो जोडावा लागतो. तिसऱ्या वेळी उत्तर आलं: 'अर्जदार आपल्या कामात समाधानी दिसतो. अर्ज नामंजूर.'

"पेन्सिल कशाला लावलीत मग?" मामी चिडून म्हणाल्या.

"नाही लावली," मामा म्हणाले. मामींना ते पटेना. तेव्हा त्यांनी मागच्या खोलीतून निगेटिव्ह आणली आणि खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. तिच्यावर ना पेन्सिलीचा ठिपका होता, ना ब्लेडचा ओरखडा.