पाताळातल्या सैन्याची कादंबरी

लढाईच्या काळात पलूसजवळच्या आमच्या घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. थोरल्या जाऊबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेले होते आणि सात महिने त्यांचं पत्र नव्हतं.

माहेरी सांगलीला गेले की मी वाचनालयातून कादंबऱ्या आणायची. एकदा एक भयंकर कादंबरी हाती लागली. त्यात एक मांत्रिक राजा लढाईत पडलेल्यांना उठवून पाताळात राबवतो, आणि एका शिपायाची बायको नवऱ्याला शोधत तिथं उतरते. चार पानं मोठ्यानं वाचली आणि वाटलं, जाऊबाईंसमोर हे पुस्तक काढायलाच नको होतं. पण दुसऱ्या दिवशी शेंगा फोडताना त्यांनीच पुढं वाचायला सांगितलं. सडलेल्या हातांची, डोळे नसलेल्या घोड्यांची वर्णनं आली की मी ओळी गाळायची. ते त्यांच्या लगेच ध्यानात यायचं. सासूबाईंनी ते अभद्र पुस्तक घराबाहेर काढायला लावलं, तेव्हा आम्ही गोठ्यात बसून वाचू लागलो.

भीती वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"वाटती की. पर समदी मला म्हणत्यात, बरं असतील, येतील. ह्यात तरी मेलेल्यांचं काय हुतं ते सांगत्यात."

पुस्तक संपायच्या आतच दिरांच्या पलटणीतला एक शिपाई रजेवर आला. दीर लढाईत पडले, एकच गोळी लागली, हाल झाले नाहीत, असं त्यानं सासऱ्यांना सांगितलं. तो निघाला तेव्हा जाऊबाईंनी त्याला गोठ्यापाशी थांबवलं. मी शेजारीच होते.

"भाऊ, खरं सांगा. ऐकायचं बळ हाय मला."

त्यानं एकदा घराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दोन्ही पाय गेलं हुतं, वैनी. आमाला माघारी फिरायचा हुकूम झाला. चिखलातच ठिवून आलो. हाका मारत हुते."

जाऊबाईंनी त्याला पाणी दिलं. त्या रडल्या ते आठवड्यानं, भाकरी थापताना, आणि मग दोन दिवस थांबल्याच नाहीत.

उरलेली पानं त्यांनी ऐकली नाहीत. मी एकटीनं वाचायला घेतली, पण ती बायको पाताळात नवऱ्याला हाका मारते तिथं अडले आणि पुस्तक तसंच परत केलं. तसल्या कादंबऱ्यांची ओढ मात्र सुटली नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्या आणत राहिले, आणि जाऊबाई रानात गेल्याचं पाहूनच उघडत राहिले.