बरणीबाहेरचं मीठ

नोएडाच्या रुग्णालयात डॉक्टरांनी फाइल मिटली आणि सांगितलं, हे ‘रेझिस्टंट हायपरटेन्शन’ आहे. म्हणजे लघवी वाढवणारी गोळी धरून तीन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही न उतरणारा रक्तदाब. माझा तेव्हा १६८/१०२ होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा, वरच्या मर्यादेला टेकलेला. मूत्रपिंडं बिघडण्याआधी दाब उतरवायला हवा होता.

पर्याय दोन. चौथी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन. तिने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त वरचेवर तपासावं लागतं. दुसरा ‘रीनल डीनर्व्हेशन’: जांघेतून बारीक नळी घालून मूत्रपिंडाच्या मज्जातंतूंचा जोर कमी करायचा. मयूर विहारच्या घरी मी फायद्या-तोट्यांचे रकाने आखले. आठ दिवस वाचलं. ठरेना.

दरम्यान तपासण्या झाल्या. दंडाला चोवीस तास दाब मोजणारं यंत्र, आणि एक अख्खा रविवार लघवी कॅनमध्ये साठवणं. दाब वाढवणारे हार्मोन ठीक निघाले. पण लघवीतल्या सोडियमवरून दिसलं की माझ्या पोटात रोज अकरा ग्रॅम मीठ जातंय.

लॅब चुकली, असं मी म्हणालो आणि वही पुढे केली. एक तारखेला मिठाची बरणी वजन करायची, महिनाअखेरीस पुन्हा, भागिले दिवस, भागिले मी आणि बायको. माणशी पाच ग्रॅम.

डॉक्टरांनी वही नीट पाहिली. “हिसाब तो सही है आपका. पर पापड़-अचार भी इसी बरनी से बनता है क्या?”

ते पुण्याहून येतं. थोरली बहीण, ताई, एकोणीस वर्षं दर दोन महिन्यांनी पार्सल पाठवते: पोह्याचे पापड, सांडगी मिरची, लिंबाचं लोणचं. दाबापायी घरची भाजी अळणी झाल्यापासून मी ते दुपटीने खात होतो.

ठरलं ते असं: चौथी गोळी सुरू, पार्सल बंद, नळीचा निर्णय तीन महिन्यांनी. गोळी सोपी होती. ताईला फोन करणं अवघड गेलं.

“एकोणीस वर्षं चाटूनपुसून खाल्लंस,” ती म्हणाली. “आता मी विष पाठवते होय?”

मी आकडे सांगत बसलो. तिने फोन ठेवला, तो पुढे दोन महिने आला नाही.

तीन महिन्यांनी दाब १३४/८४, पोटॅशियम मर्यादेत. नळी तूर्त नको, पण गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. माझ्यासारख्या कुणाला सांगायचं झालं तर एवढंच: मोठा उपाय निवडण्याआधी ताटातलं सगळं मोजा, बाहेरून आलेलंसुद्धा.

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. जवसाची चटणी, डब्यावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी: “अख्ख्या डब्यात पाव चमचा मीठ. भागाकार तू कर.”

केला. वाट्याला चिमूटभरही येत नव्हतं. फोन करून तिला तो आकडा सांगितला. आणि चटणी छान झालीय, हेही. ते एकोणीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.