तपासणीच्या दिवशीची खुर्ची

"हरलेल्या माणसाला खुर्ची कशाला?" म्हणत तपासणीच्या साहेबांनी ती पायानं उडवली.

खुर्ची आमच्या घरची. निळी, प्लास्टिकची. कुंभकोणमबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत दर पंधरवड्याला तपासणी असते. लंकेतून आलेल्यांनी जमिनीवर रांगेत बसायचं, नाव पुकारलं की उठून सही करायची. आमच्या ह्यांच्या गुडघ्यात तिथल्या युद्धातला लोखंडाचा तुकडा आहे. म्हणून मी खुर्ची नेलेली.

हे बसले. उकिडवे. तिकडच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. शेजारी आमची मुलगी. जन्म इथला, पण बापामुळे यादीत.

आणि मी कडेला उभी. माझं नाव यादीत नाही ना! आम्ही तंजावरच्या मराठी राजांबरोबर आलेल्यांतले. लग्नाकार्यात पूर्वजांच्या तलवारीची कथा मीच रंगवून सांगते. माझ्या हातात मात्र जन्मभर विळी. गेल्या खेपेला साहेब म्हणाले होते, "तुम्ही राजांची माणसं, ह्यांच्यात कशा पडलात?" खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

घरी ह्यांचं एकच. "होडी ठरलीय. परदेशात भाऊ आहे. हरलेल्याला गाव नसतं." मी म्हणायची, "बघू."

मुलीचं नाव आलं. ती उठली.

"तुझा देश कुठला गं?" साहेब हसत म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली.

तलवार घेऊन आले ते गावकरी. अंगात लोखंड घेऊन आला तो परका. आणि ही कथा मी हसत सांगत आले.

खुर्ची उचलली. ह्यांच्यामागे ठेवली.

"बसा."

"कुणाच्या परवानगीनं?" साहेब ओरडले.

"माझ्या."

"तुमचं नाव लिहून घेतो!"

"लिहा. नीट अक्षरात."

हे बसले. साहेब दोनदा म्हणाले, "ऊठ." हे उठले नाहीत. सहीसुद्धा बसूनच केली.

घरी येऊन ह्यांनीच होडीवाल्याला फोन लावला. "येत नाही," एवढंच. मी मुलीच्या नागरिकत्वाचा अर्ज काढला. दोनदा परत आलेला. तिसऱ्यांदा देणार. पुन्हा परत आला तर कोर्टात जाणार.

पुढची तपासणी सोमवारी आहे. रांगेत आणखी चार म्हातारी माणसं बसतात. शेजारच्या लग्नमंडपवाल्याकडे चार खुर्च्या सांगून ठेवल्यात.