अर्धी मेंढी

मोबाइलवर एखादा फोटो वरून अर्धाच उघडला की मला नेरे गावची ती मेंढी आठवते. बातमीसाठी नव्या इमारतींचे फोटो काढताना ती अगदी कॅमेऱ्यासमोर आली होती. बातमी छापून आल्यावर मी ते सगळे फोटो कॉम्प्युटरमधून पुसून टाकले. काही महिन्यांनी मेंढीची मालकीण तो फोटो मागायला विचारत विचारत माझ्याकडे आली. हरवलेली मेंढी तिला दुसऱ्याच्या कळपात दिसली होती आणि तो म्हणत होता, जन्मापासून माझीच. ओळखीसाठी तिनं डाव्या कानाला दोन काप दिले होते. आता त्या कानाचं टोकच छाटलेलं होतं. आम्ही पिरंगुटच्या दुरुस्तीवाल्याकडे हार्ड डिस्क नेली. पुसलेल्या फोटोवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो आत तसाच राहतो, असं तो सांगत होता. शेकडो बिननावाच्या फोटोंतून तो एक सापडला, पण मानेखाली नुसता करडा पट्टा. “अर्धाच आलाय, मावशी,” दुरुस्तीवाला ओशाळून म्हणाला. “पाय कुणाला पायजेत? कान मोठा करून दाव.” डोळ्याभोवतीचा काळा डाग दिसला, कानावरचे दोन्ही काप दिसले. फोटो छापून आम्ही थेट त्या कळपाकडे गेलो. त्या माणसानं तो उलटसुलट करून पाहिला. “कान कापलास, मग डाग बी पुसायचास की,” बाई म्हणाली. “घिऊन जा, आक्का,” एवढंच तो बोलला. तेव्हापासून मी फोटो पुसत नाही. डिस्क भरली की नवी आणतो. त्यात कुणाचा कान असेल, काय सांगावं.