टेबलावर एकच डबा

व्हर्लिन टॅकेट घराबाहेर पडला की निदान दोनदा परत आत जायचा. एकदा शेगडी बंद आहे का बघायला, आणि एकदा, शेगडी बघून येताना दार नीट ओढलं का ते बघायला. त्याची बायको इमोजीन तोवर गाडीत बसून विणकाम करायची. "यांच्या येरझाऱ्यांत माझे कितीतरी स्वेटर पुरे झाले," असं ती चर्चमध्ये सगळ्यांना सांगे. व्हर्लिनही हसे, पण हसता हसता त्याचा हात खिशातल्या किल्ल्या चाचपत असे.

सगळा जन्म त्याने अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या सीडर फोर्क या डोंगरी गावात काढला. नोकरी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याची. ब्रेकचं काम करून गाडी सोडली की वळणाआड जाईपर्यंत तो तिचा आवाज ऐकत उभा राहायचा. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी कधी घसरली नाही. लोक म्हणत, माणूस शिस्तीचा. धाकटा भाऊ डॉयल म्हणे, "शिस्त कसली डोंबलाची! भित्रा आहे तो."

बाप गेला आणि या दोघांत बिनसलं. बापाची एक जुनी एकनळी, बारीक तोंडाची बंदूक होती, खारी मारायची. तिच्या काडतुसांसाठी तो कधी दुकानाची पायरी चढला नाही. रायफलच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जमवायच्या, त्यांची आवळलेली तोंडं सरळ करून घ्यायची आणि त्यांत बंदुकीची दारू, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि बारीक छर्रे भरायचे, हा त्याचा हिवाळ्यातला उद्योग. जाताना त्याने बंदूक दिली डॉयलला. नळ्या, हत्यारं आणि दारूचे डबे दिले व्हर्लिनला. त्याला वाटलं असेल, अशाने पोरं एकमेकांना धरून राहतील. झालं भलतंच. डॉयल दुकानातून प्लॅस्टिकची काडतुसं आणू लागला. व्हर्लिनने हत्यारांना तेल लावून ती शेडमध्ये मांडून ठेवली. स्वतःच्या रायफलपुरतं तो कधीमधी भरून घेई, इतकंच. एकाच खोऱ्यात राहून भावाभावांचं बोलणं बंद पडलं.

मग साथीचं वर्ष आलं. दुकानांतली काडतुसं धास्तावलेल्या लोकांनी पोत्यांनी उचलली. या बारीक बंदुकीची तर औषधालाही मिळेनात. आणि इकडे हिकरीच्या, म्हणजे रानटी अक्रोडाच्या, झाडांखाली खारींनी कुरतडलेल्या कवचांचा सडा पडला होता. अशात डॉयलने पेट्रोल पंपावर इमोजीनला गाठलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"वहिनी, म्हाताऱ्याच्या त्या पितळी नळ्या आहेत का हो अजून?"

"आहेत की. मोहरा आहेत जणू, रोज पुसल्या जातात."

"नाही, म्हणजे... आपलं सहज विचारलं."

इमोजीनने घरी येऊन हे सांगितलं. व्हर्लिन उठला. ताटातलं अर्धं टाकून शेडकडे गेला.

घरी काडतुसं भरणाऱ्यांत दोन गोष्टी मोडायच्या नसतात. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा, दुसरा फळीवरून खाली आणायचाच नाही. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. बापाने पाठीत धपाटे घालून हे दोघांना शिकवलं होतं. तेव्हा डॉयलने नळ्यांची चौकशी केली, म्हणजे भावाच्या हातची काडतुसंच मागितली, यातच सगळं आलं. तोंडाने तो कधी माफी मागणार नव्हता. ही त्याची माफी होती.

व्हर्लिनने सबंध दिवस कामात घातला. संध्याकाळी काडतुसं पिठाच्या कापडी पिशवीत बांधून डॉयलच्या फाटकाला लटकावली आणि चोरासारखा परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉयलची गाडी घरावरून जाताना दोनदा भोंगा वाजवून गेली. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा.

"ऐकलंस?" व्हर्लिन म्हणाला.

"बहिरी नाही मी," इमोजीन म्हणाली. "जा, आता तरी जरा स्वस्थ बसा."

स्वस्थ बसणं त्याला कुठलं जमायला! तो शेड आवरायला गेला. पुठ्ठ्याचे तुकडे झाडले, भरताना दारू काढून घ्यायची वाटी पुसली आणि दारूचा डबा फळीवर ठेवायला उचलला. त्याच्या मागे टेबलावर दुसरा डबा उभा होता.

ती पिस्तुलाची दारू. भसकन पेटणारी, बापाच्या बंदुकीची जुनी नळी फाडून टाकील अशी. काल दुपारी शेजाऱ्याचा फोन आला होता, थोडी देतोस का म्हणून. व्हर्लिनने ती खाली उतरवली. शेजारी आलाच नाही. त्यानंतर वाटीतली दारू संपली होती आणि ती पुन्हा भरली होती. कुठल्या डब्यातून?

आठवेना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा नवा चष्मा त्याला जवळचं धड दाखवत नव्हता, आणि मन काल डॉयलपाशी होतं. दोन्ही डबे आधीच वापरातले, त्यामुळे त्यांत डोकावून काही कळणार नव्हतं. आणि काडतुसं बाहेरून सगळी एकसारखी.

त्याने डॉयलला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने. "ते तर टेकडीवर गेले. फोन इथंच वाजतोय बघा, ब्रेडच्या डब्यावर."

त्या दिवशी व्हर्लिनने शेगडी पाहिली नाही की दार. इमोजीन हाका मारत राहिली आणि गाडी धुरळा उडवत गेली. वाटेत त्याला डॉयलचा उजवा डोळाच दिसत होता. नेम धरताना बंदुकीच्या खटक्यामागे टेकलेला, बापासारखा मिचमिचा. परत मागायला गेलो तर तो काय समजेल? दिलेलं काढून घेतो म्हणेल. म्हणू दे. मध्येच वाटे, आपण उगाच घाबरतोय, दारू बरोबरच असेल, फिरावं मागे. पण पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नव्हता.

डॉयलची गाडी ओढ्याकाठी उभी होती. व्हर्लिन चढण चढू लागला तोच वर बार झाला. फट्. बारीक, कोरडा आवाज. तो जागीच थिजला. बसगाडीचा आवाज ऐकायचा तसा कान देऊन उभा राहिला. वर सगळं गप्प. माणूस पडला असेल तर विव्हळेल तरी. की विव्हळणारही नाही?

खारींच्या जंगलात कोणी आवाज करत नाही. झाडाला पाठ लावून, श्वाससुद्धा बेताने घेत बसायचं. टॅकेटांच्या पोराला हे बोलायच्या आधी कळतं. व्हर्लिनने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गुराख्यासारखी आरोळी ठोकली.

"डॉयल! झाडू नको! डॉयल, झाडू नको रे!"

वरच्या फांद्यांत सळसळ झाली आणि सगळ्या खारी पसार झाल्या.

"कोण गाढव आहे रे ते?" वरून आवाज आला. मग डॉयल स्वतःच उतरला, लालबुंद होऊन, कमरेला एक खार लटकलेली. "तू? अरे, सकाळपासून एका फांदीवर नजर लावून बसलोय मी! वाघ लागलाय का मागं?"

"बंदूक रिकामी कर."

"काय?"

"आधी रिकामी कर, मग शिव्या घाल."

भावाचा चेहरा पाहून डॉयलने बंदूक बिजागरीवर वाकवून उघडली. काडतूस बाहेर काढलं. खिशातली काढली. सगळी एकत्र टोपीत टाकली. मग व्हर्लिनने सांगितलं. दोन डबे होते. कुठल्यातली गेली, मला माहीत नाही.

डॉयलने टोपीकडे बघितलं, मग भावाकडे. "तू?" तो म्हणाला. "तू टेबलावर दोन डबे ठेवलेस? म्हाताऱ्याने तुला उलटा टांगला असता."

"टांगला असता."

"आणि हे सांगायला इथवर धावत आलास. कागद लिहून फाटकाला लावला असतास, तर निदान माझ्या खारी तरी..." तो टोपी हातात तोलत खाली निघाला.

शेडमध्ये दोघांनी काडतुसं एकेक करून उघडली. व्हर्लिन चिमट्याने चकत्या उपसे, डॉयल प्रत्येकाची दारू वेगळ्या पांढऱ्या बशीत ओते. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. डॉयल शीळ घालू लागला. "नसता जीव घेतलास माझा. भित्रा तो भित्राच..."

पुढच्या बशीत पडलेले दाणे वेगळे होते, पिस्तुलाच्या दारूचे. शीळ थांबली. त्याच्या पुढच्यातही तेच.

डॉयलने टोपीत पाहिलं. "बंदुकीत होतं ते कुठलं?"

टोपीत सगळी एकत्र झाली होती. सांगता येणार नव्हतं, आता कधीच. डॉयल खुर्चीवर बसला आणि डोळा चोळू लागला, जणू त्यात काही गेलंय. व्हर्लिनच्या हातातला चिमटा खणखणत जमिनीवर पडला. तो उचलायला दोघेही वाकले नाहीत.

इमोजीन दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय? मयत झाल्यासारखे काय बसलात?"

"काही नाही, वहिनी," डॉयल म्हणाला. त्याने सगळी दारू एका बशीत केली आणि बाहेर जाऊन कांद्याच्या वाफ्यावर उधळली. परत येऊन दाराशी थांबला. "एका खारीत काही कालवण होत नाही. घरी कोंबडी टाकायला सांगतो. तुम्ही दोघं येताय ना?"

"येतो," व्हर्लिन म्हणाला. "पण भाऊ, पुन्हा माझ्याकडे काडतुसं मागू नकोस. माझ्या हातावर माझाच भरवसा नाही आता."

"मग मी इथं येऊन बसतो शेजारी. तू भर, मी डबे मोजतो."

"तू? तुला एक जागी पाच मिनिटं बसवतं का?"

"सकाळी झाडाखाली बसलोच होतो की. तूच उठवलंस."

संध्याकाळी इमोजीन गाडीत बसली आणि सवयीने विणकाम काढलं. व्हर्लिन शेगडी बघून आला, मग दार बघून आला, मग शेडकडे गेला. बराच वेळ आला नाही. डॉयलच्या घरची कोंबडी निवत असणार म्हणून तिने भोंगा वाजवला. तो आला, गाडी सुरू केली, फाटकापर्यंत नेली आणि इंजिन बंद करून पुन्हा उतरला.