अस्तरात अडकलेला आवाज

माझे भावोजी शिंपी आहेत आणि चौकस आहेत. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्याने माझ्या ताईच्या डोक्याला ताप होतो. नळ गळायला लागला तर माणूस नळवाल्याला बोलावतो. हे नळासमोर स्टूल टाकून बसणार, थेंब नेमका कुठून निघतो ते बघणार, आणि तोवर खालची बादली भरून वाहणार. दुपारी मी त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानात काज-बटणाला बसते, त्यामुळे हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं. माझा आवाज जरा मोठा आहे, म्हणून ते मला भोंगा म्हणतात. म्हणू देत. मेव्हणीला चिडवायचं नाही तर कुणाला!

तर गोष्ट लॅपटॉपची. भाची दूर नोकरीला असते. तिने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बापाला पाठवला, रविवारी तोंड बघून बोलता यावं म्हणून. आला त्याच दिवशी भावोजींनी गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेतलं आणि त्याला अंगाबरोबर गवसणी शिवली. बाहेरून सुटाचं निळं कापड, आतून कापूस घातलेलं जाड अस्तर. वायरींना खिडक्या, पंख्याला जाळी. झाकण उघडलं की गवसणीही उघडते, काढायची गरजच नाही.

"बाळाला थंडी वाजत होती वाटतं," मी म्हटलं.

"मग? एवढं महागाचं यंत्र उघडं ठेवायचं?" भावोजी म्हणाले.

तेव्हा काही अडलं नाही, कारण भाची माझ्यावर गेलेली. तिने तिकडून 'बाबा!' म्हटलं की इकडे रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, पण आवाज बसला तो बसलाच. उरली नुसती कुजबुज. डॉक्टरांनी तिला बजावलं की आवाज हळूहळू परत येईल, पण जोर लावून बोललात तर येता येता राहील. ताई तेव्हा जाऊन तिच्याजवळ राहिली होती. भावोजींना जाता आलं नाही आणि ते त्यांच्या मनाला लागलेलं आहे.

रविवारी आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसायचो. पोरीचे ओठ हलायचे आणि लॅपटॉपमधून काय यायचं, तर फुसफुस! ताई चुकून "मोठ्याने बोल गं" म्हणाली की भावोजी तिच्यावर डोळे वटारायचे. लिहून पाठव म्हटलं तर पोरगी 'जेवले, बरी आहे' एवढ्यावर आटपायची. पहिल्यापासून तिचा एक प्रश्न ठरलेला असे. बाबा, स्वेटर पाठवून देऊ का? बाबा, चष्मा पाठवून देऊ का? त्यामुळे शेवटचं 'ऊ का' एवढं कानावर आलं की भावोजी उत्तर देऊन मोकळे व्हायचे, "नको गं, कशाला उगाच? राहू दे तिथेच." ती जरा वेळ बघत राहायची, मग मान हलवायची. फोन आखूड होत चालले. गेल्या रविवारी तर तिने नुसता हात हलवला आणि बंद केला.

"बोलणंच सोडून देईल हो पोरगी," ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून भावोजींच्या अंगात आलं. आवाजाची पट्टी आधीच शेवटपर्यंत ओढलेली होती. तिच्याही पुढे नेणारं काहीतरी त्यांनी कुणाकडून तरी बसवून घेतलं, तर कुजबुज तशीच राहिली आणि वर पापड मोडल्यासारखी खरखर सुरू झाली. पुठ्ठ्याचा कर्णा करून पडद्याला लावला. पंखा बंद केला, मशीन थांबवलं, मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. शेवटी लॅपटॉप काखेत मारून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याने तो गवसणीतून काढून काउंटरवर ठेवला, एक गाणं लावलं, आणि लॅपटॉप दणदणीत वाजला! "स्पीकर झकास आहेत काका. कान तपासून घ्या," तो म्हणाला. भावोजींनी लॅपटॉपला पुन्हा गवसणी चढवली, घरी आणून इस्त्रीच्या टेबलावरच्या घोंगडीवर ठेवला, तेच गाणं लावलं. पुन्हा मुका.

"वाटेत सांडतो की काय आवाज?" भावोजी म्हणाले.

"अहो, वेगळा स्पीकर आणा नाहीतर कानात घालायचं ते आणा. मिटवा की एकदाचं!"

"कानात घातलं तर एकालाच ऐकू येणार. तुझ्या ताईने काय तोंड बघत बसायचं? स्पीकर आणू गं. पण आधी मला कळू दे, हा आवाज जातो कुठे?"

शिलाई मशीन खटखटायला लागलं की भावोजी कानाने नाही, हाताने ऐकतात. मशीन चालू ठेवून अंगावर तळवा फिरवायचा, जिथे हाताला जास्त कळतं तिथे खोट. तसं त्यांनी गाणं चालू ठेवून लॅपटॉपवर तळवा फिरवला. पडद्याला काही नाही. बटणांना थोडं. मग हात खाली, गवसणीच्या पोटाशी गेला, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांवर थांबला.

"भोंगे, इकडे ये. हात लाव."

लावला. कापूस आतून थरथरत होता.

गवसणी काढून लॅपटॉप उलटा केला. खालच्या बाजूला दोन कोपऱ्यांत बारीक भोकांच्या रांगा होत्या. "ही मला नक्षी वाटली होती. बोलतो म्हणजे तोंडाकडून बोलत असेल, असंच धरून चाललो. पोटाने बोलतो हा! आणि मी ह्याच्या तोंडात बोळा कोंबलाय," भावोजी म्हणाले. मी हसून हसून सुई टोचून घेतली.

आपलीच टीप उसवायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं, पण उसवली. खालचं अस्तर सगळं काढून टाकलं. लॅपटॉप घोंगडीवरून उचलून कापायच्या टेबलावर, उघड्या लाकडावर नेला आणि खाली चार रिकामी रिळं दिली, आवाजाला बाहेर यायला वाट राहावी म्हणून. गाणं लावलं तर ताई आतून ओरडली, "अहो, कमी करा!"

रविवारी भाचीचा फोन आला. चेहरा उतरलेला. ओठ हलले, आणि टेबलाच्या लाकडावरून तिची कुजबुज अशी स्वच्छ आली की आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो.

"बाबा," ती म्हणाली, "परत विचारते. शेवटचं. सगळं सोडून घरी निघून येऊ का?"

येऊ का! देऊ का नव्हे, येऊ का. आणि दर रविवारी हा माणूस तिला हसत हसत सांगत होता, नको गं, राहू दे तिथेच. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. भावोजींनी तोंड उघडलं. दोनदा घसा खाकरला आणि मग पुटपुटले, "ये."

तिकडे भाची पडद्याच्या जवळ आली, कानाशी हात नेला. "बाबा, ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने बोला ना."

भावोजींच्या गळ्यातून काही निघेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग काय, मी आहेच की. "ये म्हणतायत गं बाई! ये! ये!"