तपकिरी झालेले परागकण

आमच्या शहाद्याच्या प्रयोगशाळेत कपाटं दोनच, पण किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. जळालेल्या वस्तूंवर चिकटलेले परागकण तपासायला पोलीस माझ्याकडे येतात. वस्तू कुठल्या जागेची, ते कणांवरून कळतं. कधीकधी.

आधी कुठलं फूल किती तापल्यावर कसं दिसतं, ते बघायचं होतं. कॉलेजची भट्टी बंद. आमचे लॅब असिस्टंट रफिकभाई म्हणाले, "भावाची बेकरी आहे ना अक्कलकुव्याला." तिथे नानखटाईशेजारी आमचा ट्रे लागला. पिवळे कण आधी तपकिरी झाले, मग काळे, मग आकसले. शेवटी ओळखूच येईनात. रफिकभाई म्हणाले, "पावासारखंच आहे, सर. तपकिरी तोवर कामाचा."

एकदा खापर गावाकडच्या जळालेल्या झोपडीचा नमुना आला. त्यातले बहुतेक कण ताजे, पिवळेधमक आणि सगळे पाणवनस्पतींचे! हवालदारांना विचारलं, तर आग विझवायला तळ्याचं पाणी मारलेलं. ते म्हणाले, "मंग सर, तळालेच आरोपी करी टाकूत का?"

दुसऱ्या एका खटल्यात कोर्टात वकिलांनी विचारलं, "हा कण किती वाजता जळाला?"

"ते सांगता येत नाही."

"मग काय सांगता येतं?"

"जळाला, एवढंच."

सगळे हसले. मीही हसलो.

आणि पुरुषोत्तमनगरकडच्या एक बाई. त्यांची मुलगी जळून गेली होती. सासरचे म्हणत, स्वयंपाकघरात स्टोव्ह भडकला. आई म्हणत होती, मिरचीच्या शेतात जाळलं. पदराची एक गाठ तेवढी उरली होती. आतल्या घडीत मिरचीच्या फुलाचे कण सापडले, तपकिरी, पण शाबूत. मात्र मुलगी रोजच त्या शेतात राबायची. कण कधीही चिकटले असतील. काहीच सिद्ध होत नाही, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं.

ते ऐकून बाई एसटीने प्रयोगशाळेत आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "माले देखाडा."

रफिकभाईंनी स्टूल दिलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावली. एक डोळा मिटून त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"हाई जळनं नही?"

"थोडं भाजलं, माय. पण वाचलं."

त्यांनी भिंगावरून डोळा हलवला नाही.

"इतलं बारीक वाचनं," त्या म्हणाल्या. "मन्ही पोर तं केवढी मोठी व्हती."